नाव जुनं हवं, पण कुणाचं?

भावाला मुलगी झाली. तिसऱ्याच दिवशी त्याने मला चाळीस नावांची यादी पाठवली आणि खाली लिहिलं, "ताई, आत्या तू आहेस, नाव तूच ठेवायचंस. फक्त जुनं, पारंपरिक आणि कुणाचंच नसलेलं हवं."

यादी मी दोनदा वाचली. बहुतेक नावं दोन-तीन अक्षरांची, 'आ' किंवा 'ई'ने संपणारी. प्रत्येकापुढे अर्थ: लक्ष्मी, दुर्गा, तेजस्वी, देवाची देणगी. त्यातलं एकही नाव आमच्या घरातल्या, गावातल्या किंवा इतिहासात वाचलेल्या बाईचं नव्हतं. म्हणजे भावाची शेवटची अट पूर्ण होत होती. पण जे नाव आजवर कुणाचंच नव्हतं, त्याला पारंपरिक कसं म्हणायचं? हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. तो एकट्या आमच्या घराचाही नाही. आज महाराष्ट्रात मुलीसाठी 'हटके पण पारंपरिक' नाव शोधणारे आईबाप घरोघरी आहेत, आणि त्यांच्यापुढे जवळपास याच याद्या आहेत.

माझं म्हणणं असं आहे. शब्द जुना असला म्हणून नाव जुनं होत नाही. संस्कृत कोशात हजारो सुंदर शब्द आहेत, पण त्या शब्दाने कुणी कुणाला हाक मारली नसेल तर तो शब्दच राहतो. नाव हाकेने घडतं. पाणवठ्यावरून कुणीतरी ओरडतं, जात्यावर कुणीतरी ओवीत गुंफतं, कुणी सातबाऱ्यावर लावतं, कुणी रागाने अर्धंच उच्चारतं. तेव्हा कुठे त्या अक्षरांना माणसाचं अंग येतं. मुलीला परंपरेतलं नाव द्यायचं असेल तर ते बायकांकडून घ्यावं. कोशातून घेतलं तर ते नवं नाव झालं. नव्या नावाला माझी हरकत नाही, फक्त त्याला परंपरा म्हणू नये.

आणि बायकांकडे नावांची वानवा कधीच नव्हती. जनाबाईने एका अभंगात नामदेवांच्या घरातली माणसं मोजली आहेत. गोणाई आणि राजाई या सासूसुना. दामा आणि नामा हे बापलेक. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. लिंबाई ही लेक, आऊबाई ही बहीण, आणि शेवटी स्वतः जनी. पंधरा माणसांच्या त्या घरात नऊ बायका आहेत आणि नऊही जणींची नावं आहेत. कुणाची आई, कुणाची बायको एवढ्यावर त्यातल्या एकीचीही बोळवण केलेली नाही. सातशे वर्षांपूर्वी एका दासीने केलेली ही शिरगणती मला कुठल्याही वंशावळीपेक्षा मोलाची वाटते. आणि नावं तरी पाहा: लाड, गोडी, साखर, लिंब. स्वयंपाकघरातून आणि अंगणातून उचललेली. साखराई हे नाव आजच्या कुठल्या यादीत असतं?

त्याच काळातल्या महानुभाव पंथातल्या बायका घ्या. महदाइसा, जिला आपण आद्य मराठी कवयित्री म्हणतो. बाइसा, उमाइसा, आबाइसा, हिराइसा. हा 'आइसा' प्रत्यय इतका देखणा आहे की तो आपण कसा गमावला याचं मला नवल वाटतं. आणखी मागे जायचं तर नाणेघाटातल्या लेण्यात जावं. सातवाहन राजपरिवाराच्या मूर्ती तिथे होत्या. त्या मोडून गेल्या, पायांचे अवशेष तेवढे उरले, पण कोरलेली नावं राहिली. त्यात एक नाव 'देवी नायनिका' असं आहे. तिलाच आपण नागनिका म्हणून ओळखतो. इथल्या डोंगरात कोरलेल्या, दोन हजार वर्षं जुन्या लेखातल्या बाईचं हे नाव. एखाद्या मुलीला ते दिलं तर ते दुर्मीळही असेल आणि शंभर टक्के आपलंही.

नाशिकच्या पांडवलेण्यांतली गोष्ट मला याहून जवळची वाटते. गौतमीपुत्र सातकर्णीच्या नावात त्याच्या आईची ओळख आहे हे आपण शाळेत शिकतो आणि कौतुकाने सांगतो. पण 'गौतमी' हे त्या बाईचं गोत्रावरून आलेलं नाव. तिचं स्वतःचं नाव बलश्री. लेखात ते 'बलसिरी' असं येतं. ते आपल्याला ठाऊक आहे, कारण नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी राज्य करत असताना तिने स्वतः भिक्षूंना लेणं दान दिलं आणि त्या दानलेखात आपलं नाव कोरवून घेतलं. मुलाच्या नावातून तिचं गोत्र उरलं. तिचं नाव उरलं ते दगडावर तिने ते कोरवून घेतलं म्हणून.

आता कुणी म्हणेल, राण्या आणि संतकवयित्री ठीक आहेत, पण घरात 'गोदावरी', 'ठकू', 'सखू', 'कोंडाबाई' असं नाव कोण ठेवणार? इथे मला जरा थांबायचं आहे, कारण या प्रश्नाच्या पोटात खरी अडचण आहे. ती उच्चाराची नाही, अर्थाचीही नाही. आमच्याच घरात मी 'भागीरथी' सुचवलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली, "अगं, कामवाल्या मावशीचं नाव वाटतं." बोलणारी व्यक्ती प्रेमळ आहे, मनात कुणाबद्दल आकस नाही. तरीही वाक्य बाहेर पडलं, आणि खोलीत कुणालाच ते खटकलं नाही. मलाही क्षणभराने खटकलं.

भागीरथी म्हणजे गंगा. हिमालयातून येणारी नदी, पुराणातली कथा, भगीरथाचे प्रयत्न, सगळं त्या चार अक्षरांत आहे. मग हे नाव गावठी कसं झालं? ज्या बायकांनी ते शेवटपर्यंत लावलं त्या शेतात राबणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, ऊस तोडायला जाणाऱ्या होत्या. शहरातल्या शिकल्यासवरलेल्या घरांनी ते नाव दोन-तीन पिढ्यांपूर्वी सोडलं, गरीब घरांनी सोडलं नाही. नावाला गरिबीचा वास लागला आणि आपण नाक मुरडलं. म्हणजे आपण परंपरा शोधतो म्हणताना प्रत्यक्षात अशी परंपरा शोधतो जी कुणा गरीब बाईच्या अंगाला लागलेली नाही. 'कुणाचंच नसलेलं' या अटीचा हा अर्थ मला फार उशिरा कळला. कळल्यावर वाईट वाटलं, कारण ती अट वाचताना मीही मान डोलावली होती.

मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल. या बायकांनी गाण्यात जे उभं केलं त्यापुढे आपण हात जोडतो. मग मोगू, केसर, हिरा, गंगू ही नावं पाळण्यात घालताना हात का आखडतो? 'बाई' लावलं की नाव म्हातारं होतं असं म्हणावं तर 'बाई' हा मानाचा शब्द होता, नावाचा भाग नव्हे. तो काढा. उरलेलं केसर हे नाव कुठल्याही नव्या नावाच्या शेजारी ठेवा आणि मोठ्याने म्हणून पाहा.

आणखी एक गोष्ट या याद्यांमधून हळूहळू नाहीशी होते आहे, ती म्हणजे 'ळ' आणि 'ण'. मंजुळा, बकुळा, कमळा, वेणू, कृष्णा, गोणाई. ही अक्षरं रोमन लिपीत नीट मावत नाहीत, म्हणून आईबाप ती असलेली नावं आधीच बाजूला सारतात. पासपोर्टवर काय दिसेल, परदेशातल्या शिक्षिकेला म्हणता येईल का, हे प्रश्न मला खोटे वाटत नाहीत. पण मुलीला आयुष्यात सर्वात जास्त हाका मारणारी माणसं मराठी असणार असतील, तर तिच्या नावातून मराठीची सर्वात मराठी अक्षरं आधी का काढायची? मंजुळा म्हणताना जीभ टाळ्याकडे वळते तेवढं सुख इंग्रजी स्पेलिंगच्या सोयीपायी सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

परंपरा म्हटलं की काहींना शास्त्र आठवतं, म्हणून शास्त्राचंही पाहू. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात लग्नासाठी कोणती मुलगी टाळावी हे सांगताना नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, पर्वताचं, पक्ष्याचं, सापाचं नाव असलेली नको असं म्हटलं आहे. आणि आपल्या आज्या-पणज्यांची नावं? रोहिणी, रेवती, तुळसा, गोदावरी, कृष्णा, यमुना, चंद्रभागा, मैना, साळू. तो नियम मराठी घरांनी शतकानुशतकं सरळ बाजूला ठेवला. नदीकाठी राहणाऱ्यांनी लेकीला नदीचं नाव दिलं, कारण नदी त्यांना आई वाटत होती. ज्या परंपरेला मी मानते ती ही. ती लिहून ठेवलेल्या आज्ञेत सापडत नाही, तिला मोडून जगलेल्या माणसांत सापडते. त्याच स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचं नाव निंदाव्यंजक असावं असं सांगितलं आहे. अशा ग्रंथाकडून नावाच्या बाबतीत मार्गदर्शन घ्यायची गरज कुणालाच नाही.

पण मी सगळ्याच जुन्या नावांचं गुणगान करते आहे असं समजू नका. धोंडी, दगडू, कचरू ही नावं मूल वाचावं म्हणून, नजर लागू नये, मृत्यूने नाक मुरडून पुढे जावं म्हणून ठेवली जात. धोंडो हे नाव महर्षी कर्व्यांचंही होतंच. त्या नावांमागे काळजी होती. मुलींच्या बाबतीत मात्र याच वाटेवर एक काळं नाव आहे: नकुसा. सलग मुली झाल्यावर पुढची मुलगी नको होती हे तिच्या नावातच लिहून टाकायचं, आणि आयुष्यभर तिने त्याच नावाने ओ द्यायची. ऑक्टोबर 2011मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींनी जाहीर समारंभात नवी नावं घेतली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 894 मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी हा आकडा 913 होता. त्या 285 जणी निदान जन्मल्या तरी. नकुसा हेही पारंपरिक नाव आहे आणि आज दुर्मीळ होत चाललं आहे. म्हणून 'पारंपरिक' आणि 'दुर्मीळ' एवढ्या दोन कसोट्या पुरत नाहीत. तिसरी हवी: हे नाव ठेवणाऱ्याला मुलगी हवी होती का?

1956 नंतर महाराष्ट्रात जे घडलं ते या दृष्टीने पुन्हा पाहावं. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर लाखो घरांनी लेकींची नावं बौद्ध परंपरेतून घेतली. सुजाता, यशोधरा, महामाया, विशाखा, संघमित्रा, आम्रपाली. ज्यांना चांगलं नावसुद्धा नाकारलं गेलं होतं त्यांनी अडीच हजार वर्षं मागे जाऊन, प्रत्यक्ष जगलेल्या आणि कथांमधून पिढ्यानपिढ्या बोलत राहिलेल्या बायकांची नावं उचलली. परंपरा आपोआप अंगावर येते असं आपण धरून चालतो. या लोकांनी ती विचार करून निवडली. दुर्मीळ पारंपरिक नाव कसं ठेवावं याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

एवढं सगळं करून नाव ठेवलं, तरी ते मुलीकडे राहील का? या प्रश्नावर मी सर्वांत अस्वस्थ होते. आनंदीबाई जोशी, पहिल्या मराठी स्त्री डॉक्टर, यांचं माहेरचं नाव यमुना. रमाबाई रानडे यांचंही माहेरचं नाव यमुना. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरी मनकर्णिका, आणि लक्ष्मीबाई टिळकही माहेरी मनकर्णिका. बाया कर्वे, म्हणजे आनंदीबाई कर्वे, मूळच्या गोदू. दोन यमुना, दोन मनकर्णिका, एक गोदावरी. एवढ्या मोठ्या बायकांनासुद्धा आपण त्यांच्या वडिलांनी ठेवलेल्या नावाने ओळखत नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचं, बायकोने लाजायचं, जमलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि त्या टाळ्यांत अठरा-वीस वर्षांचं एक नाव संपायचं.

माझ्या आजीचंही तसंच झालं. तिला वडिलांनी नदीचं नाव दिलं होतं. लग्नात ते गेलं आणि सासरी जे मिळालं तेच रेशनकार्डावर, मतदारयादीत आणि शेवटी मृत्यूच्या दाखल्यावर आलं. माहेरचं नाव मला कळलं ते तिच्या धाकट्या बहिणीकडून, आजी गेल्यावर तेराव्याला. साठ वर्षांत त्या घरात एकानेही ते उच्चारलं नव्हतं. लग्नानंतर नाव बदलावं असा कोणताही कायदा नाही. तो नुसता रिवाज आहे, आणि रिवाज घरातल्या माणसांनी ठरवलं तर एका लग्नात बंद होतो. म्हणून भावाला मी पहिली अट घातली ती नावाविषयी नव्हतीच. मी म्हटलं, हे नाव हिच्या लग्नात ताटात पुसलं जाणार नाही असा शब्द आज दे, मग नावाचं बोलू. त्याने दिला. वहिनी शांतपणे म्हणाली, "माझं बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं." त्या वाक्यानंतर आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही.

मुलीला शाळेत चिडवतील, हा आक्षेप मी हलका मानत नाही. लहान मुलाला वेगळेपणाचा भार होतो. नाव ठेवणारे आपण, आणि तो भार वाहणार ती. पण आपल्याकडे यावर जुना उपाय आहेच: दोन नावं. गोदावरीची गोदू, यमुनेची यमू, मनकर्णिकेची मनू. हाकेचं नाव छोटं आणि लाडाचं, पटावरचं नाव भरदार. मुलगी मोठी झाली की कोणतं पुढे करायचं ते ती ठरवेल. दुसरं असं की वर्गात एकाच नावाच्या तीन-चार मुली असल्या की त्यांना आडनावाने हाक मारली जाते. तिथेही मुलीचं नाव हरवतंच, फक्त वेगळ्या वाटेने. आणि नावाची गोष्ट मुलीला आधीपासून माहीत असेल, तर उत्तर तिच्यापाशी असतं. 'माझं नाव नाणेघाटात कोरलेलं आहे' असं सांगू शकणारी सात वर्षांची पोर सहजासहजी रडणार नाही.

नव्या नावांविषयी मला कुणाचा गैरसमज करून द्यायचा नाही. इरावती कर्व्यांचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांना ते नाव मिळालं. तेव्हा ते महाराष्ट्रात किती अनोळखी वाटलं असेल! आज मुलीचं नाव इरावती ठेवणाऱ्याला त्यात परकं काही वाटत नाही, कारण मध्ये एक बाई ते नाव घेऊन जगली, हिंडली, लिहीत राहिली. आज ठेवलेलं एखादं अगदी नवं नावही सत्तर वर्षांनी असंच कुणाचं तरी होईल. माझी तक्रार नवेपणाशी नाही. नव्याला जुन्याचं प्रमाणपत्र चिकटवण्याशी आहे, आणि त्या नादात खरोखर जुनं असलेलं दारातून परत पाठवण्याशी आहे.

महाराष्ट्र शासनाने मार्च 2024मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. म्हणजे भावाच्या लेकीच्या नावाला लगटून वहिनीचं नाव असणार. पण कोणतं? लग्नात मिळालेलं की जन्मापासूनचं? वहिनीने विचार करायला वेळ मागितला आहे. तिला तो मिळायलाच हवा.

वेळ आहेही. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, पण ती मुलाच्या नावाशिवाय होऊ शकते आणि नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. आम्ही नोंद केली, नावाचा रकाना मोकळा सोडला. बारशाची घाई केली नाही. गेल्या रविवारी मी वही घेऊन आजीच्या त्या धाकट्या बहिणीकडे गेले. तिला आता कमी ऐकू येतं. मी तिला तिच्या आईचं नाव विचारलं, आईच्या आईचं विचारलं, आत्यांची, चुलत्यांची, विहिरीवर भेटणाऱ्या शेजारणींची विचारली. नवऱ्याकडचं नको, माहेरचं सांग, असं प्रत्येक वेळी ओरडून सांगावं लागलं. दोन तासांत सव्वीस नावं झाली. त्यातली सात मी आयुष्यात प्रथमच ऐकली. एका नावापाशी ती अडखळली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली आणि म्हणाली, ही सहाव्या वर्षीच गेली, हिचं नाव पुढे कुणीच ठेवलं नाही.

ते नाव मी वहीत सर्वांत वर लिहिलं आहे.